सातबारा, नकाशा आणि आयएसओ १९१५२

भावाभावांत बांधावरून वाद झाला की आधी सातबारा काढला जातो, मग मोजणीचा अर्ज होतो. नावं तलाठ्याकडे, नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे. जमीन एकच, दप्तरं दोन.

ही फारकत जुनी आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यातल्या मोजणीची घडी बसवली, ती सारा ठरवण्यासाठी. शेत केवढं, माती कसली, आकारणी किती, एवढंच सरकारला हवं होतं. कुणाचा काय हक्क, याची नोंद ठेवण्याचा कायदा आला थेट १९०३ साली.

मालकीची नोंद एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे, हे दुखणं बऱ्याच देशांचं. २००२ मध्ये सर्वेक्षकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वॉशिंग्टन अधिवेशनात ख्रिस्तियान लेमन आणि पीटर व्हान ओस्टेरोम या डच तज्ज्ञांनी सर्वांना चालेल असा एक सामायिक आराखडा मांडला. २००८ मध्ये तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडे गेला आणि २०१२ मध्ये आयएसओ १९१५२, म्हणजेच ‘लँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन डोमेन मॉडेल’, या मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती भागाभागाने येते आहे.

त्याचं मर्म मला फार मोलाचं वाटतं: माणूस थेट जमिनीला जोडायचा नाही, मध्ये हक्क ठेवायचा. एखादा सातबारा समोर धरा. भोगवटादार तिघे भाऊ, हे पक्षकार. प्रत्येकी एक तृतीयांश, हा हक्क. इतर हक्कात सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा. ‘नवीन शर्त’, म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही अशी अट, असेल तर तो निर्बंध. प्रत्येक नोंद कधी सुरू झाली, कधी संपली आणि कोणत्या दस्तावरून झाली, हेही मानकाला हवं असतं. आपली फेरफार नोंदवही दुसरं काय करते? म्हणजे यातलं बरंचसं आपल्या कागदावर आधीपासून आहे. नाही तो भूभाग. तिथे फक्त गट नंबर आणि क्षेत्र.

इथेच मानक कामाला येतं. मोजणी झालेली नसेल, तर एका बिंदूने किंवा शब्दांत सांगितलेल्या चतु:सीमेनेही जागा नोंदवता येते आणि अचूक मोजमाप मागाहून भरता येतं. याच पायावर यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेच्या पुढाकाराने ‘सोशल टेन्युअर डोमेन मॉडेल’ तयार झालं. ते झोपडपट्टीतल्या आणि रूढीने चालत आलेल्या, कागद नसलेल्या वहिवाटीसाठी.

भारतात केंद्राचा भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये ‘भू-आधार’ आला, प्रत्येक भूखंडाला चौदा अंक-अक्षरांचा क्रमांक. पण तो क्रमांक तयार होतो भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून. ज्या पोटहिश्श्याची वाटणी फक्त सातबाऱ्यावर झाली, ज्याचे कोपरे कधी मोजलेच गेले नाहीत, त्याला तो मिळणार कुठून?