दुसऱ्या कुशनवर काय घडतं?

१९९५ साल, अमेरिकेतलं रीनो शहर. पूलच्या ‘नाइन-बॉल’ या प्रकाराचा अंतिम सामना १२–१२ वर आलेला, आधी १३ गाठेल तो विजेता. अर्ल स्ट्रिकलंडने पांढरा चेंडू अशा जागी दडवून ठेवला की फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसला पाच नंबरचा चेंडू सरळ मारताच येऊ नये. टेबलावरच्या सर्वांत लहान नंबराला आधी स्पर्श करायचा, हा नाइन-बॉलचा नियम. हुकलात तर पांढरा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात, हवा तिथे ठेवायला. नुसता स्पर्श झाला तरी पुष्कळ, अशी ती वेळ होती. रेयेसने पांढरा चेंडू एका कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर घातला, तिथून तो दुसऱ्या कुशनवर गेला, तिथून पाच नंबरवर आदळला, आणि पाच नंबर पॉकेटात! चेंडूच्या नागमोडी वाटेमुळे त्या फटक्याला ‘झेड शॉट’ म्हणतात.

कॅरम खेळलेला कोणीही म्हणेल, हा तर रिबाउंड. पण कॅरमची सोंगटी पावडरवर घसरत जाते. पूलचा चेंडू गडगडतो, शिवाय भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरूही शकतो, आणि सगळी गंमत या फिरकीत आहे.

आरशावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. कुशन इतकी प्रामाणिक नसते. चेंडू आदळला की रबर दबतं आणि चेंडूची कुशनच्या दिशेची थोडी गती खाऊन टाकतं. त्याच क्षणी कुशनवरचं कापड चेंडूच्या कडेला घासतं. चालत्या सायकलचं चाक फुटपाथच्या कडेला घासावं तसं. या घर्षणाने चेंडू थोडा मंदावतो आणि त्याला आडवी फिरकी मिळते, खेळाडूने क्यूने, म्हणजे हातातल्या काठीने, दिली नसली तरी!

आता हा फिरता चेंडू समोरच्या कुशनवर पोचतो. तिथे चेंडूची दुसरी बाजू कुशनला टेकते, त्यामुळे पहिल्या कुशनवर मिळालेली फिरकी इथे उलटी पडते. ती घर्षण वाढवते, चेंडूचा पुढे सरकण्याचा जोर मोडते, आणि चेंडू अपेक्षेपेक्षा अलीकडेच वळतो. समोरासमोरच्या कुशनऐवजी कोपऱ्यातल्या लगतच्या दोन कुशन घेतल्या, तर तीच फिरकी मदतीला येते. म्हणजे आरशाचं गणित दोनदा मांडून भागत नाही. पहिल्या धडकेने चेंडूच्या पोटात काय भरलं, हेही लक्षात ठेवावं लागतं. शिवाय फटका जोरात असेल तर रबर जास्त दबतं आणि कोन आणखी आखडतो.

चुकीला जागा किती? स्पर्धेचं टेबल २५४ गुणिले १२७ सेंटिमीटर. असा नागमोडी प्रवास सहज ३ मीटरचा होतो. एवढ्या अंतरावर दिशा एका अंशाने चुकली तर चेंडू ५ सेंटिमीटर बाजूला पडतो, आणि चेंडूचा व्यासच ५.७ सेंटिमीटर आहे.

फ्रेंच गणिती कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या फिरकीवर अख्खा ग्रंथ लिहिला. वादळांना वळवणाऱ्या ‘कोरिऑलिस बला’चा तोच हा गृहस्थ. रेयेसची शाळा मात्र वेगळी. पाच वर्षांचा असताना तो मनिलाला काकांकडे राहायला आला. काका तिथल्या ‘लकी थर्टीन’ या बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर काम करायचे. पोरगा झोपायचा पूलच्या टेबलावर, आणि उंची पुरत नाही म्हणून कोका-कोलाच्या क्रेटवर चढून खेळायचा. पुढे त्याने पैशांवर ‘थ्री कुशन’चे सामने खेळले. या खेळात पॉकेटंच नसतात. आपला चेंडू बाकीच्या दोन्ही चेंडूंना लागावा लागतो, आणि त्यातल्या दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीनदा कुशनला. उलटी पडणारी फिरकी हा ज्याचा रोजचा धंदा, त्याला रीनोमधल्या दोन कुशन म्हणजे एक कमीच!

लोक त्याला ‘जादूगार’ म्हणतात. मला ते थोडं खटकतं. जादूगार हातचलाखी लपवतो, इथे सगळं उघड्या टेबलावर चाललेलं असतं. त्याचं जुनं टोपणनाव मला जास्त आवडतं. अड्ड्यावर एफ्रेन नावाचा आणखी एक, वयाने मोठा खेळाडू होता, म्हणून याला सगळे ‘बाता’ म्हणू लागले. बाता म्हणजे लहान मूल. १९९९ मध्ये कार्डिफला तो नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला तेव्हा हे मूल ४४ वर्षांचं होतं.