घरावर आलेल्या फांद्या आणि पोल सॉची निवड
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

एप्रिल अर्धा सरला की आमच्या सांगलीच्या दुकानात लांब दांड्याच्या, यंत्रावर चालणाऱ्या करवतीची, म्हणजे पोल सॉची चौकशी वाढते. कारण उघड आहे. वळवात पावसाआधी वारं येतं, आणि पत्र्यावर वाकलेली शेवग्याची किंवा गुलमोहराची फांदी त्या वाऱ्यात मोडायला वेळ लागत नाही. ही दोन्ही झाडं मुळात ठिसूळ लाकडाची. त्यामुळे यंत्र घाईत घेतलं जातं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती सीसीचं घेऊ?"

आमच्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. फांदी किती उंच आहे, किती जाड आहे आणि यंत्र हातात धरून उभं कोण राहणार आहे, हे आधी ठरवा. सीसी आणि व्होल्ट त्यानंतर आपोआप ठरतात.

पण त्याच्याही आधी वर बघा, तार आहे का ते.

पोल सॉचा दांडा बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा असतो. काही मॉडेलना फायबरचा असतो, पण त्याच्या भरवशावरही तारेजवळ जाऊ नका. आतून शाफ्ट (इंजिनची गती पुढे नेणारी सळई) किंवा वायर गेलेली असते आणि टोकाला बार (ज्या पट्टीवरून चेन फिरते ती) आणि चेन लोखंडाचीच. विजेच्या तारांपासून १५ मीटर लांब राहा, असं बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सांगलीतल्या गल्ल्यांत आणि मिरजेच्या जुन्या वस्तीत इतकी मोकळी जागा कुठली, हे आम्हालाही कळतं. म्हणूनच तारेजवळची फांदी तुमचं काम नाही. ११ केव्हीच्या लाइनला तर हात लागायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. १९१२ वर किंवा महावितरणच्या जवळच्या कार्यालयात कळवा, लाइन बंद करून फांदी काढायचं काम त्यांच्या माणसांचं आहे. ओळखीच्या पोराला डीपीवर पाठवून फ्यूज काढायचा आणि काम उरकायचं, असा एक प्रकार आपल्याकडे चालतो. शेजारचा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर किंवा जनरेटर त्याच तारेत उलटी वीज सोडू शकतो, एवढं सांगून पुरे.

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडण्यावर १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचं बंधन आहे. मोठी फांदी उतरवायची असेल तर आधी उद्यान विभागात विचारून घ्या. झाड शेजाऱ्याचं असेल तर शेजाऱ्यालाही विचारा. भांडणं फांदीपेक्षा जास्त वाढतात.

उंचीचा खरा हिशोब

खोक्यावर "५ मीटर पोहोच" असं छापलेलं असतं. त्यात दांड्याची लांबी असतेच, शिवाय तुमची उंचीही धरलेली असते, आणि दांडा जवळजवळ उभा धरलाय असं मानलेलं असतं. तसा तो धरायचा नसतो. दांडा जमिनीशी ६० अंशांहून जास्त उभा करू नये, नाहीतर कापलेली फांदी सरळ अंगावर येते.

आता हिशोब करा. पूर्ण लांबवलेलं यंत्र ३.९ मीटरचं, मागचं टोक कमरेशी, म्हणजे जमिनीपासून साधारण १ मीटरवर. ६० अंशांत धरलं तर करवत पोचते ४.४ मीटरच्या आसपास. बैठ्या घराचा स्लॅब ३ मीटरवर आणि कठडा ४ मीटरवर धरला, तर गच्चीवर टेकलेली फांदी जमिनीवरून जेमतेम हाताला लागते. आखूड, २.७ मीटरचं यंत्र याच हिशोबाने ३.३ मीटरपर्यंतच जातं. कंपाउंडवरच्या, पन्हळीवरच्या फांद्यांना ते पुरतं. दोऱ्याला दगड बांधून फांदीवर टाका आणि दोरा मोजा. तो आकडा घेऊन दुकानात आलात तर निम्मं काम झालं.

शिडीवर चढून पोल सॉ चालवणं आणि गच्चीच्या कठड्याला टेकून बाहेर वाकून कापणं, दोन्ही गोष्टींना आमची साफ ना आहे. उंची पुरत नसेल तर ते काम झाडावर चढणाऱ्या जाणकार माणसाला द्या.

नारळासाठीही पोल सॉ मागतात. उंच नारळाला तो पोचत नाही, आणि बुटक्या नारळाची झावळी दांड्यावरून घसरत मागे येते. त्याला कोयता आणि चढणाराच बरा.

वजन कुठे आहे ते बघा

टेलिस्कोपिक, म्हणजे दांडा सरकवून लांबवता येणारा पेट्रोल पोल सॉ ७ ते ८ किलोंचा असतो, छोटा बॅटरीचा ४ ते ५ किलोंचा. पण काट्यावरचं वजन अर्धीच गोष्ट सांगतं. पेट्रोलच्या यंत्रात इंजिन मागे, कमरेपाशी असतं आणि पट्टा खांद्यावर, त्यामुळे तोल सावरतो. स्वस्त बॅटरी मॉडेलमध्ये मोटर पुढे, करवतीशेजारीच बसवलेली असते. दांडा लांबवला की तेच यंत्र दुप्पट जड वाटतं, हात थरथरायला लागतो आणि चेन फांदीवर नाचते. मोटर मागे असलेली बॅटरी मॉडेलही मिळतात, किंमत जास्त असते, पण वयस्कर माणूस चालवणार असेल तर आम्ही तीच सुचवतो. दुकानात यंत्र पूर्ण लांबवून, तिरपं धरून दोन मिनिटं उभे राहा. आम्ही काही म्हणणार नाही. खांदा काय म्हणतो ते ऐका आणि मग पैसे द्या.

बॅटरी की पेट्रोल?

घराभोवती पाच-सहा झाडं, वर्षातून दोनदा छाटणी, फांद्या मनगटाएवढ्या : बॅटरीचा घ्या. आवाज कमी, बटण दाबलं की चालू, महिनोन्महिने पडून राहिला तरी कार्ब्युरेटर तुंबायची भीती नाही. जाहिरातीतल्या आकड्यांनी मात्र फसू नका. २० व्होल्ट आणि १८ व्होल्ट ही बहुधा एकच बॅटरी असते. पूर्ण चार्ज झाल्याबरोबर भार नसताना २० भरतात, काम करताना १८. ४० आणि ३६ चंही तेच. तुलना करायची तर व्होल्टला अँपिअर-अवरने (एएच) गुणा. १८ व्होल्ट ४ एएच म्हणजे ७२ वॉट-अवर, ३६ व्होल्ट ४ एएच म्हणजे १४४. हा आकडा जितका मोठा, तितकं एका चार्जमध्ये काम जास्त. बॅटरी मेच्या उन्हात गाडीवर ठेवू नका, आणि काम झाल्या झाल्या गरम असतानाच चार्जिंगला लावू नका.

बांधावरची सुबाभूळ, बाभूळ, आमराई, दिवसभराचं काम असेल तर २५ ते ३५ सीसीचं पेट्रोल यंत्र. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून घाला : पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने धार सोडणाऱ्यांची यंत्रं आमच्याकडे दुरुस्तीला येतात. दुसरं म्हणजे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या भागातल्या उसाला ते चांगलंच आहे, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि काही यंत्रांच्या रबरी भागांना मानवत नाही. कंपनीने किती टक्क्यांपर्यंत परवानगी दिलीय ते पुस्तिकेत बघा. काहीही असलं तरी पेट्रोल महिना-महिना टाकीत ठेवू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

ज्यांच्याकडे ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं यंत्र) आहे त्यांनी नवं यंत्र घेण्याआधी एकदा आम्हाला दाखवा. त्याच इंजिनला पोल सॉचं डोकं बसू शकतं आणि बरेच पैसे वाचतात. दांड्याची जाडी २६ मिमी की २८ मिमी, आणि आतल्या शाफ्टला दाते ७ की ९, हे दोन्ही जुळायला हवं. फोनवर सांगून हे नीट होत नाही, ब्रश कटर घेऊनच या.

आणि घरात एकच आंबा असेल तर? वेळूच्या काठीला कोयता बांधण्यापेक्षा हाताने ओढायची लांब दांड्याची करवत घ्या. आमचा गल्ला कमी भरेल, पण तुमचं यंत्र माळ्यावर पडून राहणार नाही.

कापताना

बार बहुतेक २० ते २५ सेंटीमीटरचा असतो, पण तेवढी जाड फांदी कापायची नसते. १५ सेंटीमीटर जाड आणि ३ मीटर लांब ओली फांदी ४५ ते ५० किलो भरते. ती पडताना कुठे झोका घेईल ते सांगता येत नाही. टोकाकडून तुकडे करत या. प्रत्येक तुकड्याला आधी खालून थोडा काप द्या, जाडीच्या पाव भागाएवढा, मग त्या कापाच्या थोडं बाहेर, टोकाकडे सरकून वरून कापा. नुसतं वरून कापलं तर फांदी मोडताना खोडापर्यंत साल सोलून नेते. शेवटचा खुंट काढताना खोडाजवळ जो फुगीर कंगोरा असतो तो राखून कापा, जखम तिथूनच भरते. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर करा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको.

हेल्मेट, चष्मा, हातमोजे, बूट. धोतर, उपरणं, ओढणी, पदर यंत्रापासून लांब. बाकीची माणसं आणि जनावरं १५ मीटर दूर.

इंजिन चालू करण्याआधी झाडाला एक चक्कर मारा. चिंचेवर, वडावर आग्या मोहोळ पानांत दडलेलं असतं, आणि फांदी हादरली की त्या माशा माणसाला लांबपर्यंत पाठलाग करून चावतात. मोहोळ दिसलं तर त्या दिवशी काम नाही. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती फांदी पुढच्या महिन्यावर टाका.

चेन आणि तेल

चेन बोथट झाली की भुसा पिठासारखा पडतो; धारदार चेन जाडसर किसाचे तुकडे टाकते. चिंच आणि बाभळीवर धार लवकर जाते. पोल सॉच्या बहुतेक चेनला ४ मिमीची गोल कानस लागते, कोन ३० अंशांचा, आणि प्रत्येक दात सारख्याच वेळा घासा. बारवर चेनचं तेल सतत उतरलं पाहिजे. जळकं इंजिन ऑइल घालू नका, त्यातला कीस पंप खराब करतो. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात ढिली पडते, यंत्र थंड झाल्यावर ताणून घ्या.

सुटी चेन मागायला येताना नुसती जुनी चेन आणू नका, ती ताणलेली असते. बार घेऊन या. पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि बऱ्याचदा कड्यांची संख्या त्याच्या मागच्या टोकाला कोरलेली असते.