१३.०९ : एकदा विक्रम हुकला, एकदा सुवर्ण मिळालं

दक्षिण कोरियातल्या गुमी इथे मे २०२५च्या अखेरीस आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. ८ सुवर्ण, १० रौप्य आणि ६ कांस्य अशी २४ पदकं मिळवून भारत चीनपाठोपाठ दुसरा आला. ज्योती याराजीने १०० मीटर अडथळ्यांची शर्यत १२.९६ सेकंदांत जिंकून स्पर्धाविक्रम केला. ही वेळ सगळीकडे छापून आली. निकालपत्रात वेळेशेजारी असतो तो वाऱ्याचा वेग मात्र आपल्या बातम्यांमधून बहुतेक वेळा गळतो. तो गाळला की निकाल अर्धाच कळतो, असं माझं ठाम मत आहे.

या आकड्याने ज्योतीला काय दिवस दाखवला पाहा. एप्रिल २०२२ मध्ये कोळिकोडच्या फेडरेशन कपमध्ये ती १३.०९ सेकंदांत धावली. तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम अनुराधा बिस्वाल यांचा, १३.३८ सेकंदांचा, २००२ पासून अबाधित होता. पण पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.१ मीटर भरला. नियमाची मर्यादा २.० आहे, म्हणून विक्रम मान्य झाला नाही. अनेकांना वाटतं की अशा वेळी शर्यतच बाद होते. तसं नाही. वारा सगळ्यांच्याच पाठीशी असतो, त्यामुळे क्रमांक आणि पदक कायम राहतं; फक्त विक्रमाच्या नोंदवहीत ती वेळ जात नाही. पुढच्याच महिन्यात सायप्रसमध्ये १३.२३ सेकंदांत धावून तिने तो विक्रम रीतसर मोडला. आणि जुलै २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं, तेही नेमक्या १३.०९ सेकंदांतच.

हवेचा विरोध धावपटू आणि हवा यांच्यातल्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ८ मीटर धावणारी खेळाडू घ्या. हवा स्थिर असेल तर विरोध ६४ एकक धरू. पाठीमागून २ मीटरचा वारा आला की सापेक्ष वेग ६ होतो आणि विरोध ३६ वर येतो. तोच वारा समोरून आला तर विरोध थेट १००! धावपटूची बहुतांश ताकद इतरत्र खर्च होते, म्हणून २ मीटरच्या वाऱ्याचा प्रत्यक्ष फायदा साधारण एक दशांश सेकंदाचा. पण जिथे शतांश सेकंदाने पदकं ठरतात तिथे तो फार मोठा आहे.

आता माझा आवडता भाग, हा वारा मोजायचा कसा? सरळ धावपट्टीच्या कडेला, शेवटच्या रेषेपासून ५० मीटरवर आणि जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर यंत्र असतं. या शर्यतीत ते १३ सेकंदांची सरासरी घेतं. आधुनिक यंत्रात फिरणारं पातं नसतं. दोन संवेदक समोरासमोर बसवलेले असतात आणि ते एकमेकांकडे श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणारा) ध्वनी सोडतात. शाळेतलं नावेचं गणित आठवा: प्रवाहाबरोबर लवकर, प्रवाहाविरुद्ध उशिरा. संवेदकांत २० सेंटिमीटर अंतर आणि वारा २ मीटरचा धरला, तर जाण्या-येण्याच्या वेळांत फरक पडतो अवघा ७ मायक्रोसेकंदांच्या आसपास. सौंदर्य पुढे आहे. ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो, मग कोळिकोडचा उन्हाळा आणि एखाद्या गार शहरातली सकाळ यांची तुलना कशी करायची? दोन्ही वेळांचे व्यस्त (१ भागिले वेळ) घेऊन वजाबाकी केली की ध्वनीचा वेग समीकरणातून पूर्ण निघून जातो. अंतराच्या निम्म्याने गुणलं की उरतो निव्वळ वारा.

यात एक बारीक नियम आहे. पाठचा वारा धन, समोरचा ऋण धरतात. दुसरा दशांश शून्य नसेल तर आकडा धन दिशेने वरच्या दशांशाकडे न्यायचा. म्हणजे +२.०३ ची नोंद +२.१ होते, पण −२.०३ ची −२.० च होते. तेव्हा कोळिकोडचा २.१ प्रत्यक्षात २.०१ सुद्धा असू शकतो. त्या वाऱ्याची सगळी मदत वजा केली तरी ज्योती जुन्या विक्रमाच्या पुढेच होती. तेव्हा तिच्या नशिबाला बोल लावणारे बरेच होते. यात साडेसाती शोधू नये. रेषा कुठेतरी आखावीच लागते आणि ती सगळ्यांना सारखीच असते.

शिवाय अडथळ्यांच्या शर्यतीत पाठचा वारा निव्वळ वरदान नसतो. दोन अडथळ्यांमध्ये ८.५ मीटर अंतर आणि त्यात तीनच पावलं. वाऱ्याने पाऊल लांबलं की पुढचा अडथळा फार जवळ येतो, उडी घ्यायला जागा उरत नाही.

गुमीतच आपल्या बीडच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) ८ मिनिटं २०.९२ सेकंदांत जिंकली. या शर्यतीत ३६ वर्षांनी भारताला सुवर्ण मिळालं. तिथे वारा मोजतच नाहीत, कारण फेऱ्या मारताना तो कधी पाठीशी, कधी समोर असतो. म्हणून फायदा-तोटा फिटत असेल का? वर्गाचाच नियम लावा. अविनाशचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास ६ मीटर. स्थिर हवेत विरोध ३६. २ मीटरचा वारा पाठीशी असताना १६, समोर असताना ६४, सरासरी ४०. फेरी पूर्ण झाली तरी वाऱ्याचं देणं उरतंच.