लिंक्स गोल्फ क्लब (स्कॉटलंड)

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधे वाळूचा, उंचसखल, आखूड गवताचा जो पट्टा असतो तो म्हणजे लिंक्स, आणि त्या पट्ट्यावर खेळणाऱ्या गावकऱ्यांनी काढलेला क्लब म्हणजे लिंक्स क्लब. आपल्याकडं गोल्फ म्हटलं की कँटोनमेंट, बडे अधिकारी, बिल्डर लोक आणि न परवडणारी मेंबरशिप असंच डोळ्यासमोर येतं, कोलकात्यात 1829 साली ब्रिटिशांनी क्लब काढला तेव्हापासून हा साहेबाचा खेळ तो साहेबाचाच राहिला. तिकडं छोट्या गावात मात्र प्लंबर, शाळामास्तर, डॉक्टर आणि रिटायर्ड पोस्टमन एकाच चौकडीत निघतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. म्युरफील्डसारखे खाशा लोकांचे क्लब तिथंही आहेतच, पण साधा गावचा क्लब हा आपल्या तालमीच्या जास्त जवळचा, पोरं लहानपणापासून तिथं पडीक आणि म्हातारे संध्याकाळी बाकावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढणार.

ही जमीन नांगराला निरुपयोगी होती म्हणून खेळाला मिळाली, सगळं त्यातच आलं. वाळूमुळं पाणी झिरपून जातं, त्यामुळं भर हिवाळ्यातसुद्धा खेळता येतं. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा शोधत बसायच्या तिथं खड्डे पडले आणि त्यांचेच पुढं बंकर, म्हणजे बॉल अडकवणारे वाळूचे खड्डे, झाले असं सांगतात. हल्लीचे बंकर मात्र हातानं बांधलेले असतात, गवताच्या लाद्या एकावर एक रचून उभी भिंत करतात, ती काही वर्षांत ढासळते, मग हिवाळ्यात मैदान राखणारी ग्रीनकीपर मंडळी ती परत रचत बसतात. झाडं जवळजवळ नाहीतच. काटेरी गॉर्सची झुडपं असतात, वसंतात पिवळीधमक होतात, दिसायला सुंदर पण बॉल आत गेला तर हात घालायचा नाही, बॉल गेला असं समजायचं.

बाहेरच्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो की क्लब म्हणजे मैदान नव्हे. सेंट अँड्र्यूज या गावचं ओल्ड कोर्स नावाचं प्रसिद्ध मैदान कुठल्याच क्लबच्या मालकीचं नाही, ती सार्वजनिक जमीन आहे, 1974 च्या कायद्यानं स्थापन झालेला ट्रस्ट ती सांभाळतो आणि गावातले वेगवेगळे क्लब तिथं येऊन खेळतात. कार्नूस्टीलाही तसंच. मग क्लबकडं काय असतं, तर एक इमारत, बार, लॉकर, स्पर्धांचं वेळापत्रक आणि भिंतीवर सोनेरी अक्षरांत जुन्या कॅप्टनांची नावं. इतर बऱ्याच ठिकाणी क्लबचं स्वतःचं किंवा भाड्यानं घेतलेलं मैदान असतं, तिथं सेक्रेटरीच्या डोक्याला ताप जास्त.

गावकऱ्यांचा हा हक्क फुकटात टिकलेला नाही. 1457 मध्ये राजा दुसरा जेम्स यानं गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली होती, लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसतात म्हणून. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टननं सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवर ससे पाळायची परवानगी घेतली, पण त्याच कागदात गावाचा गोल्फ खेळायचा हक्क मान्य केलेला आहे. पुढं 1797 मध्ये गाव दिवाळखोर झालं आणि लिंक्स सशांचा धंदा करणाऱ्यांच्या ताब्यात गेली, सशांनी सगळीकडं बिळं केली, गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, शेवटी 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदारानं ती जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचला.

आठवड्याचं चक्र ठरलेलं असतं. शनिवारी मेडल, म्हणजे सगळे फटके मोजायचे, एका होलवर (म्हणजे बॉल खड्ड्यात जाईपर्यंतच्या एका टप्प्यात) नऊ झाले तर नऊच लिहायचे, आणि आपलं कार्ड आपण नाही तर जोडीदारानं भरायचं आणि सही करायची. ज्यांना एवढी शिक्षा नको त्यांच्यासाठी स्टेबलफर्ड, त्यात होलवार पॉइंट मिळतात, त्यामुळं एखादं होल पार वाटोळं झालं तरी दिवस वाया जात नाही (ही सोय एका इंग्लिश डॉक्टरनं काढली, स्कॉटिश लोक हे मुद्दाम सांगत नाहीत). हँडिकॅपमुळं कच्च्या खेळाडूला ठराविक फटके माफ होतात म्हणून सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराला हरवू शकतो, आणि हरवतोच, कारण त्याला वारा माहीत असतो. बॉल उंच उडवायचा नाही, जमिनीलगत सरपटत न्यायचा, ग्रीनच्या (खड्ड्याभोवतालच्या गुळगुळीत गवताच्या) बाहेरूनसुद्धा पटर, म्हणजे बॉल हळूच ढकलायची काठी, वापरायचा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, मग लोक ऑफिस सुटल्यावर अठरा होल आरामात करतात, तेही चालत, ट्रॉली ओढत किंवा पिशवी खांद्यावर टाकून. रेंगाळणाऱ्याला मागचे लोक फार वेळ सहन करत नाहीत. पूर्व किनाऱ्यावर अधूनमधून समुद्रावरून 'हार' नावाचं गार धुकं येतं आणि पाच मिनिटांत झेंडा दिसेनासा होतो. हिवाळ्यात सेंट अँड्र्यूज आणि कार्नूस्टीला फेअरवेवर (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) मारताना बॉलखाली छोटी मॅट ठेवावी लागते, गवत वाचावं म्हणून, आणि प्रत्येक जण आपापली मॅट घेऊन हिंडतो.

खेळ संपला की बार. गरम सूप, मटणाचं सारण भरून भाजलेली 'पाय' किंवा बेकन रोल, पाइंट, आणि सातव्या होलवर पट (पटरचा फटका) कसा चुकला याची सविस्तर तक्रार.

गावागणिक गमती वेगळ्या. उत्तरेला ब्रोराला मैदानावर वर्षानुवर्षं गाई-मेंढ्या चरत आल्या, लोकांचा चराईचा हक्क जुना, म्हणून प्रत्येक ग्रीनभोवती विजेच्या तारेचं कुंपण घातलं गेलं आणि खेळाडू ते ओलांडून पट करायला जायचे. नॉर्थ बेरिकला एका होलवर ग्रीनच्या अलीकडं चक्क दगडी भिंत आहे. ओल्ड कोर्स रविवारी बंद असतं, मोठ्या स्पर्धा सोडल्या तर, त्या दिवशी लोक कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट या जुन्या क्लबचा नवा कॅप्टन सप्टेंबरमध्ये सकाळी पहिला फटका मारतो, त्याच क्षणी तोफ उडते, आणि पुढं उभे असलेले कॅडी (खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे) बॉलमागं धावतात, जो पकडेल त्याला सोन्याचं नाणं. एरवी 2003 च्या जमीन कायद्यानं कुणालाही मैदान ओलांडून जायचा हक्क आहे, फक्त ग्रीनवर पाय ठेवायचा नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र इतिहास काही अभिमानाचा नाही. मसलबराच्या क्लबनं 1810 मध्येच कोळिणींच्या स्पर्धेला मासळीची टोपली आणि शाल बक्षीस ठेवली होती, सेंट अँड्र्यूजला 1867 मध्ये बायकांचा पटिंग क्लब निघाला, तरीपण रॉयल अँड एन्शंटनं स्त्रियांना मेंबर करायला 2014 उजाडलं. म्युरफील्डचा तसाच ठराव 2016 मध्ये पडला, ओपन ही मोठी स्पर्धा हातची जाणार असं दिसल्यावर 2017 मध्ये पास झाला. गावच्या क्लबांत स्त्रिया आधीपासून होत्या, पण शनिवारची सकाळ पुरुषांची आणि बायकांनी आडवारी खेळायचं ही रीत पुष्कळ ठिकाणी फार काळ चालली.

आता खर्चाचं ओझं बऱ्याच अंशी पाहुण्यांवर आहे. नावाजलेल्या मैदानावर अमेरिकन पाहुणा एका फेरीला जे मोजतो त्यामुळं स्थानिक मेंबरची वर्षाची वर्गणी कमी राहते. फार छोट्या क्लबांत ऑफिसात कुणीच नसतं, दाराशी पेटी असते, पैसे पाकिटात घालून टाकायचे आणि खेळायला लागायचं. माँट्रोझला वेगळीच अडचण, समुद्र किनारा खात चाललाय, काही टी (पहिला फटका मारायच्या जागा) आत सरकवावे लागले, आणि क्लबला खेळाच्या जोडीनं दगड टाकून किनारा राखायच्या खर्चाचा हिशोब करत बसावं लागतं.