मुखाचा कर्करोग

ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेखालचा भाग आणि कठीण टाळू यांच्या अस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगास मुखाचा कर्करोग म्हणतात. दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत तो अस्तरातील चपट्या पेशींपासून सुरू होतो. भारतीय पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत तो अग्रक्रमावर आहे. पाश्चात्त्य देशांत जिभेचा आणि जिभेखालच्या भागाचा कर्करोग अधिक दिसतो, तर भारतात गाल आणि खालची हिरडी यांच्यामधील खाचेचा. कारण चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार तासन्‌तास तेथेच धरून ठेवलेला असतो.

तंबाखू हे त्याचे मुख्य कारण आहे, मग ती विडी-सिगारेटीतून ओढलेली असो, गुटखा, मावा किंवा विदर्भातील खर्रा यांतून चघळलेली असो, की दात घासण्याच्या मिश्रीतून हिरड्यांना लागलेली असो. मिश्री हे व्यसन आहे असे ती लावणाऱ्या अनेक स्त्रियांना वाटत नाही, म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्रीबद्दल वेगळेच विचारावे लागते. तंबाखू नसलेली सुपारीही निर्धोक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, केला. मद्यपानाची जोड मिळाल्यास धोका आणखी वाढतो.

रोगाच्या आधी बहुधा खुणा दिसतात. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, त्याहून अधिक धोक्याचा मखमली लाल चट्टा आणि सुपारीमुळे अस्तर कडक होऊन तोंड तीन बोटे मावतील इतकेही न उघडणे, या त्यांतील प्रमुख होत. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारणाशिवाय हलू लागलेला दात किंवा मानेतील गाठ यांची तपासणी व्हायलाच हवी. निदान बायोप्सीने, म्हणजे व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, होते. ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ ही भीती निराधार आहे आणि या भीतीपायी गेलेले महिने रुग्णाला फार महाग पडतात.

रोगाचा टप्पा तीन गोष्टींवरून ठरतो : मूळ गाठीचा विस्तार, मानेतील लसिका ग्रंथींची (लिम्फ नोड) स्थिती आणि दूरच्या अवयवांत झालेला प्रसार. २०१८ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गाठीच्या रुंदीबरोबर ती अस्तराखाली किती खोल गेली आहे हेही मोजतात. दोन सेंटिमीटरपर्यंत रुंद आणि पाच मिलिमीटरपर्यंत खोल असलेली, ग्रंथींत न पोहोचलेली गाठ पहिल्या टप्प्यात येते. तेवढ्याच रुंदीची गाठ त्याहून खोल गेली असल्यास टप्पा दुसरा होतो. गाठ चार सेंटिमीटरहून मोठी असल्यास किंवा त्याच बाजूच्या एकाच ग्रंथीत तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आढळल्यास रोग सामान्यतः तिसऱ्या टप्प्यात मोडतो. जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या बाहेरील त्वचेपर्यंत शिरलेला रोग चौथ्या टप्प्यात धरतात. ‘चौथा टप्पा’ हे शब्द ऐकून अनेक कुटुंबे उपचारच सोडून देतात, आणि तेथेच मोठी चूक होते. या टप्प्याचे अ, ब आणि क असे पोटभाग आहेत. ‘अ’ मधील बहुतेक रुग्णांवर रोग बरा करण्याच्या उद्देशानेच शस्त्रक्रिया केली जाते. दूरच्या अवयवांत प्रसार झालेला असतो तो फक्त ‘क’ मध्ये. म्हणून रुग्णाने डॉक्टरांना टप्प्याच्या आकड्याबरोबर त्याचे अक्षरही विचारावे.

शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार होय. गाठीभोवतालचा निरोगी भाग पुरेसा घेऊन ती काढतात आणि गरजेप्रमाणे जबड्याचा भाग काढून त्या जागी पोटरीतील बारीक हाड बसवतात. मानेत गाठ हाताला लागत नसली तरी तेथील ग्रंथी आधीच काढाव्यात का, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने त्याचे उत्तर दिले : सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेतच काढल्या, त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

पहिल्या दोन टप्प्यांत अनेकदा शस्त्रक्रिया पुरेशी ठरते. रोग पुढे गेला असल्यास तिच्यानंतर साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार देतात. कापलेल्या कडेत कर्कपेशी राहिल्या असल्यास किंवा ग्रंथीचे आवरण फोडून रोग बाहेर आला असल्यास किरणोपचारांना सिस्प्लॅटिन या कर्करोगविरोधी औषधाची जोड देतात. किरणोपचारांपूर्वी दंतवैद्याकडून किडलेले दात काढून घेणे अत्यावश्यक असते. नंतर दात काढल्यास जबड्याची जखम न भरता हाड मृत होण्याचा धोका राहतो.

शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या किंवा उलटलेल्या रोगात आयुष्य वाढवणे आणि वेदना कमी करणे हे उद्दिष्ट असते. टाटा स्मारकातच डोके व मानेच्या अशा प्रगत कर्करोगांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी मात्रेच्या तोंडी गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे महागडे औषध अगदी अल्प मात्रेत दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेचा खर्च न पेलणाऱ्या रुग्णांसाठी हा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे.

उपचारांनंतर तोंड उघडण्याचे, गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असल्याने या काळात दर एक ते तीन महिन्यांनी तपासणीस बोलावतात. तंबाखू चालूच राहिल्यास त्याच तोंडात दुसऱ्या जागी नवा कर्करोग उद्भवू शकतो.