दूध तुटलेल्या पिल्लांच्या पायाखालची जमीन

दूध तोडल्यावर डुकराच्या पिल्लाला आठवडाभरातच ई. कोलाय या जंतूची हगवण गाठते, हे युरोपातल्या वराहपालकांचे जुने दुखणे. आधी पिल्लू सात-आठ आठवडे आईजवळ राहायचे आणि काडाच्या थरावर निजायचे. महायुद्धानंतर मजुरी महागली, ओले काड उपसणे परवडेना. 1960-70 च्या दशकांत जाळीची फरशी पसरली. घाण फटींतून खाली पडायची आणि पिल्लांचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तुटू लागले.

जाळीला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. पिल्लाचे तोंड विष्ठेपासून लांब राहते, जंतांची अंडीही तोंडात कमी जातात. पण दूध तुटलेल्या पिल्लाला सुरुवातीला 28-30 अंशांची ऊब लागते. त्यातच ते पहिले दोन-तीन दिवस नीट खात नाही, त्यामुळे अंगात उष्णता कमी तयार होते. जाळीखालून गार झोत आला की पिल्ले एकमेकांवर चढून ढीग करतात. खरबरीत कडांनी गुडघे सोलवटतात, फटीत खूर अडकतो, जखमेतून जंतू सांध्यात शिरतात. उकरायला काडी नसली की शेजाऱ्याची शेपटी चावली जाते.

हे इतकी वर्षे बऱ्याच अंशी खपून गेले ते खाद्यातल्या अँटिबायोटिकमुळे, असे माझे मत. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिके बंद केली आणि हगवण उसळली. मग खाद्याबरोबर गोठ्याकडेही लक्ष गेले. डेन्मार्कमध्ये पिल्लांसाठी हा वापर 1999 अखेर थांबला. तिथल्या नियमानुसार दूध तुटलेल्या पिल्लांच्या गाळ्यात निम्मी जमीन भरीव किंवा अगदी कमी फटींची हवी. मागे झाकणाखाली उबदार कोपरा, पुढे जाळी, अशी रचना तिथे रुळली. कोबा मात्र लहरी: उकाडा वाढला की पिल्ले गार जाळीवर झोपतात आणि निजायच्या जागेवरच हगतात.

युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशात काँक्रीटच्या फटी या वयासाठी जास्तीत जास्त 14 मिलिमीटर आणि पट्ट्या किमान 50 मिलिमीटर रुंद ठरल्या. प्लास्टिक-लोखंडी जाळीला हे आकडे लागू नाहीत, ही पळवाट मला खटकते. दूध 28 दिवसांआधी तोडायचे नाही; फार तर आठवडाभर आधी, तेही पूर्ण रिकाम्या करून धुतलेल्या, निर्जंतुक केलेल्या वेगळ्या गोठ्यात हलवणार असाल तरच. हगवणीवरचे झिंक ऑक्साइडचे मोठे डोसही तिथे 2022 मध्ये बंद झाले.