सूक्ष्म तकाफुल

अल्प उत्पन्न गटातील लोक आणि छोटे व्यावसायिक यांच्यासाठी इस्लामी तत्त्वांवर चालणारी परस्पर संरक्षणाची (तकाफुल) योजना. यात सहभागी आपली छोटी वर्गणी ‘तबर्रू’ म्हणजे दान म्हणून सामाईक निधीत टाकतात आणि ज्याचे नुकसान होईल त्याला त्यातून भरपाई मिळते. निधी चालवणारी कंपनी त्याची मालक नसते. वकाला पद्धतीत ती ठरलेला मेहनताना घेते, तर मुदारबा पद्धतीत गुंतवणुकीच्या नफ्यात वाटा घेते. पाकिस्तानात निधी वक्फ (धर्मादाय न्यास) म्हणून स्थापण्याची पद्धत रुजली. निधीत तूट आली तर कंपनी सहसा बिनव्याजी कर्ज देते.

प्रचलित विम्यावर तीन आक्षेप घेतले जातात: व्याज (रिबा), करारातील अनिश्चितता (घरार) आणि जुगाराचा अंश (मैसिर). पहिली तकाफुल कंपनी १९७९ मध्ये सुदानमध्ये निघाली. मलेशियाने १९८४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पुढच्याच वर्षी जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीने व्यापारी विमा नाकारून सहकारी विमा मान्य केला.

छोट्या व्यावसायिकाचे घर आणि धंदा यांचा गल्ला बहुधा एकच असतो. त्यामुळे घरातले एक आजारपणही मालाचे भांडवल खाऊन टाकते. सूक्ष्म तकाफुल म्हणूनच अनेकदा इस्लामी सूक्ष्मवित्ताला (गरिबांसाठीच्या छोट्या कर्जांना) जोडून दिले जाते: कर्जदार दगावला तर बाकी रक्कम निधी फेडतो आणि ती वारसांच्या गळ्यात पडत नाही.

केनियातील वजीर भागात २०१३ पासून पशुपालकांसाठी चाललेली योजना वेगळी आणि अधिक कल्पक. तिथे मेलेली जनावरे मोजत नाहीत. उपग्रहाच्या नोंदींवरून चाऱ्याचा निर्देशांक ठरावीक पातळीखाली गेल्याचे दिसले की भरपाई मिळते. पाहणीचा खर्च वाचतो. मात्र एखाद्याचे नुकसान निर्देशांकात न उमटण्याचा धोका राहतो.

तकाफुलमुळे धार्मिक अडसर दूर होतो, पण बाकीचे कायम राहतात. वर्गणी लहान असली तरी ती गोळा करण्याचा आणि दावे तपासण्याचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. वर्षाअखेरचा वाढावा सहभागींत वाटण्याची तरतूद आकर्षक वाटते, पण एवढ्या लहान वर्गणीवर हाती येणारी रक्कम नगण्य असते. गरिबांची वर्गणी जकातीतून (मुस्लिमांनी द्यायच्या अनिवार्य दानातून) भरावी असाही प्रस्ताव मांडला जातो. मात्र ज्याच्या दुकानातला माल निसाबच्या (जकात लागू होणाऱ्या किमान संपत्तीच्या) मर्यादेपलीकडे जातो, तो स्वतःच जकात देणारा ठरतो. अशा दुकानदाराला या मदतीचा आधार सहसा मिळत नाही.